वस्तीवरच्या घराला घरपण कसे आले: प्रवरा खोऱ्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, अकोले, संगमनेर आणि राहाता या तालुक्यांत, गावठाण सोडून शेतात राहायला गेलेल्या कुटुंबांची वस्ती जागोजाग दिसते. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, पाटाचे पाणी शिवारात खेळू लागले, पुढे 1950 च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस, विहीर, संकरित गायी या तिन्हींनी माणसाला दिवसभर शेतात बांधून ठेवले. सकाळ-संध्याकाळ धार काढायची, रात्रीचे पाणी धरायचे आणि मध्ये गावात जाऊन यायचे हे जमेनासे झाले, तेव्हा लोकांनी मळ्यातच पत्र्याचे शेड टाकले. गावातली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे वाटणीत खणाखणाने विभागली गेली आणि हळूहळू ओस पडली.

येथे ज्या कुटुंबाचा विचार केला आहे ते याच मार्गाने वस्तीवर आले. चाळिशीतले नवरा-बायको, नवऱ्याच्या सत्तरी ओलांडलेल्या आई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा असा हा संसार आहे. गाव आणि माणसे ओळखू येतील असा तपशील मी मुद्दाम वगळला आहे. ग्रामीण घरबांधणीच्या कामामुळे मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता. शेडमध्ये राहून सहा वर्षे झाली, पण हे घर वाटत नाही, पैसे मोजके आहेत, काय करावे? आजींनी हेच त्यांच्या शब्दांत सांगितले होते : “राखणीला आल्यागत वाटतंय बघा इथं.”

घराची अवस्था

सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, लोखंडी अँगलवर पत्रे, एका ओळीत तीन खोल्या आणि खाली कोबा, असे ते बांधकाम होते. शिवरस्ता पश्चिमेला असल्यामुळे दार पश्चिमेला ठेवलेले होते. दारासमोर ओटा नव्हता, एक दगडी पायरी होती आणि तिच्यापुढे लगेच काळी माती सुरू होत असे. उत्तरेच्या भिंतीला चिकटून पाच खणांचा गोठा होता. दक्षिणेला ऊस भिंतीपासून हातभर अंतरावर येऊन थांबत असे. पूर्वेकडे, म्हणजे घराच्या मागे, मोरीचे पाणी जिरत असे आणि तिथेच उकिरडा होता. तिन्ही खोल्यांपैकी एका खोलीत खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, कांद्याचा बारदाना आणि फवारणीची औषधे होती. पाहुणा आला तर त्याची खुर्ची मोटारसायकल आणि फवारणी पंप यांच्या मध्ये पडत असे.

या शेडला कुटुंबाने कधी घर मानलेच नव्हते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे होते. ‘पुढच्या उसाच्या बिलावर बंगला बांधू’ या भरवशावर सहा वर्षे गेली होती. बंगला होणार म्हणून झाड लावले नव्हते, वास्तुशांत केली नव्हती, देव गावातल्या घरी थोरल्या भावाकडेच होते आणि भिंतीत साधी खुंटीसुद्धा ठोकलेली नव्हती. उसाचे बिल दरवर्षी येत होते, आणि दरवर्षी ते आजारपण, ट्रॅक्टरचा हप्ता, नवी बोअर किंवा मुलांचे शिक्षण यांतच संपत होते. तात्पुरते म्हणून बांधलेल्या जागेत मुलांचे जवळजवळ सगळे बालपण जात होते.

म्हणून पहिला निर्णय खर्चाचा नव्हता, क्रमाचा होता. उद्या बंगला झाला तरी जे वाया जाणार नाही ते आधी करायचे, असे ठरले. झाडे, अंगण, पाण्याचा निचरा, शौचालयाची वाट आणि गोठ्याची मांडणी ही कामे बंगल्यालाही उपयोगी पडणारी होती. रंग, फरशी आणि नवे फर्निचर यांचा क्रमांक शेवटी लागला. घरातल्या कर्त्याला सुरुवातीला हा क्रम पटला नव्हता, कारण त्याच्या मनात पैसे साठवून एकदम मोठे काम करायचे होते. त्याच्या पत्नीने मात्र तो लगेच उचलून धरला. दिवसाचे सगळे तास तिथे काढणारी तीच होती.

दिवसभर माणसे बसतात कुठे

मोजमाप घेण्यापूर्वी मी घरच्यांना एवढेच सांगितले की, कोणत्या वेळी कोण कुठे बसते हे काही दिवस लक्षात ठेवा. उत्तर आले ते बोलके होते. सकाळी दारातल्या पायरीवर सावली असे, तेव्हा आजी तिथे बसत. दुपारनंतर घरात कोणीच थांबत नसे. आजी गोठ्याच्या आडोशाला, मुलगा बांधावरच्या बाभळीखाली आणि मुलगी पुस्तके घेऊन विहिरीच्या काठावरच्या पंपघरात जात असे. सून तेवढी स्वयंपाकघरात असे, कारण तिला दुसरीकडे जाता येत नव्हते.

यावरून दोन गोष्टी उघड झाल्या. दार पश्चिमेला असल्यामुळे, पाहुणे येण्याच्या आणि घरच्यांनी टेकण्याच्या नेमक्या वेळी तिथे ऊन भरत होते. पावसाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येणारी झड सरळ मधल्या खोलीत शिरत होती. याउलट पूर्वेची बाजू दुपारी तीननंतर पूर्ण सावलीत असे आणि झडीपासूनही आडोशाला असे. पण ती जागा उकिरड्याला आणि सांडपाण्याला दिलेली होती. घराची सर्वांत चांगली बाजू मागची होती आणि सर्वांत वाईट बाजू पुढची, असा हा उलटा प्रकार रस्त्याच्या सोयीमुळे झाला होता. गावातल्या जुन्या घरात ही चूक झाली नसती, कारण तिथे ढेलज (दारालगतची आतली बैठक), चौक आणि ओसरी यांमुळे प्रत्येक प्रहराला कुठे ना कुठे सावलीची जागा मिळतेच.

तेव्हा घराचे तोंड पूर्वेला फिरवायचे ठरले. मधल्या खोलीच्या पूर्व भिंतीत नवे दार काढले आणि पश्चिमेचे दार बंद न करता अर्धे भरून तिथे खिडकी केली. उकिरडा उचलून गोठ्याच्या पलीकडे, उत्तर टोकाला नेला. मोरीचे पाणी नळीने काढून केळी आणि अळूच्या वाफ्यात सोडले.

अंगण

या प्रकरणात सर्वांत अधिक विचार आणि खर्च अंगणावर झाला आणि तो योग्यच होता. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिजली की पायाला चिकटून घरभर येते. अशा मातीवर नुसती फरशी टाकली तर एका पावसाळ्यात ती वरखाली होते. म्हणून नव्या दारासमोर तीस फूट लांब आणि चोवीस फूट रुंद जागेतली दीड फूट काळी माती काढून शेतात पसरली. त्या खड्ड्यात मुरूम एकदम न ओतता थराथराने भरला, प्रत्येक थरावर पाणी मारले आणि धुम्मस करून, म्हणजे ठोकून, तो घट्ट केला. घरापासून बाहेर, दहा फुटांना तीन इंच या हिशेबाने उतार दिला. कडेला शेतातलेच दगड लावून घेतले, त्यामुळे नांगरट कुठे संपते आणि अंगण कुठे सुरू होते याची रेघ प्रथमच दिसू लागली.

ही रेघ फार महत्त्वाची आहे, असे मला वाटते. वस्तीवरच्या घराला शेजार नसतो, गल्ली नसते, पार नसतो. गावात ज्या जागा घराबाहेर आपोआप मिळतात त्या सगळ्यांची उणीव इथे अंगणालाच भरून काढावी लागते. धान्य वाळवणे, शेवया-कुरडया घालणे, मुलांचे खेळणे, भावकीची बैठक, सणाची रांगोळी हे सारे या पंचवीस-तीस फुटांत घडते. शेत थेट उंबऱ्यापर्यंत आले की यातले काहीच घडत नाही, आणि घर म्हणजे शेतीचे आणखी एक गोदाम उरते.

पूर्व भिंतीलगत सहा फूट रुंदीचा ओटा बांधला. त्याची उंची दीड फूट ठेवली, म्हणजे कडेला बसले की पाय जमिनीला टेकतात आणि म्हाताऱ्या माणसाला हात न धरता उठता येते. त्यावर छताचाच उतार पुढे ओढून पत्र्याची पडवी काढली. ओट्याला कोबा करायचा की फरशी बसवायची यावर घरात बरीच चर्चा झाली, आणि तिचा निकाल आजींनी लावला. गावातल्या जुन्या घराची एक भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी खचली होती. तिची पांढरी माती तिथेच ढीग होऊन पडली होती. ती माती ट्रॉलीत भरून आणायला त्यांनी सांगितले. चाळलेली पांढरी माती, गव्हाचे भुसकट आणि शेण दोन दिवस भिजवून तुडवले, आणि ओट्याची भुई त्याच मातीने घातली. थर सुकताना भेगा पडल्या, त्या पातळ काल्याने भरल्या आणि मग वरून सारवले. पहिले सारवण आजींनी स्वतः केले. उकिडवे बसून मागे सरकत जाताना उजव्या हाताची अर्धवर्तुळे एकमेकांना लागून अशी पडत होती की शेजारी बसून पाहणाऱ्या नातीला तेच करून पाहावेसे वाटले, आणि दुसरी पट्टी तिने सारवली. तिची वर्तुळे वेडीवाकडी झाली. ती तशीच राहू दिली.

उघड्या अंगणात मात्र सारवण धरले नाही. पावसात ते वाहून जाते आणि आठवड्याला दोनदा सारवायला वेळ कोणाकडेच नाही. तिथे शेणसडा पुरतो. ही मर्यादा आधीच मान्य केल्यामुळे नव्या कामाचा भार पुन्हा सुनेच्याच माथी आला नाही.

पत्रा आणि पश्चिमेची भिंत

या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यानंतर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी घर तापते ते मुख्यतः छपरातून, आणि तीननंतर त्यात पश्चिमेच्या भिंतीची भर पडते. पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात दिले. हे काम दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी पुन्हा करावे लागते, कारण पावसात चुना धुऊन जातो. पत्र्याखाली एक फूट पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत बसवले. तट्टे जवळच्या बाजारातल्या बुरुडांकडून विणून घेतले. दोन्ही टोकांच्या भिंतींत वरच्या बाजूला जाळीचे झरोके ठेवले, म्हणजे पोकळीतली गरम हवा अडकून राहत नाही. वळवाच्या पावसात पत्र्याखाली एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. तो आवाजही तट्ट्यांमुळे बराच कमी झाला. पहिल्या वर्षी बांबूला भुंगेरा लागून अंथरुणावर भुसा पडू लागला होता. तट्टे उतरवून त्यांना बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे द्रावण दिल्यावर तो थांबला. खरे तर ही प्रक्रिया बसवण्यापूर्वीच करायची असते.

पश्चिमेला भिंतीपासून पंधरा फुटांवर दोन कडुनिंब लावले आणि ते वाढेपर्यंत सावली मिळावी म्हणून मध्ये शेवगा लावला. शेवगा वर्षभरात छपराच्या वर जातो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे तो घराला खेटून लावू नये. जुन्या दाराच्या जागी झालेल्या खिडकीपुढे दोडक्याचा आणि कारल्याचा मांडव टाकला. बाहेरच्या कुंपणाला निरगुडी लावली, कारण शेळ्या तिला तोंड लावत नाहीत.

सुनेची खिडकी

घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट मागायला सांगितले, तेव्हा सुनेने फक्त एक खिडकी मागितली. स्वयंपाकाच्या ओट्यावर उभे राहिले असता समोर कोरी भिंत होती. रस्त्याने कोण आले, कोण गेले हे तिला कधीच दिसत नसे. ती म्हणाली, “गायी असतात, मोटार असते, माणूस नसतं.” गावठाणात नळावर, दळणाच्या गिरणीत, दाराशी उभे राहून दिवसात जी दहा-वीस बोलणी होतात, ती वस्तीवर येणाऱ्या बाईच्या आयुष्यातून एकदम नाहीशी होतात. वस्तीवरच्या घरांबद्दल बोलताना पाणी, वीज आणि रस्ता यांचा हिशेब मांडला जातो. या एकटेपणाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही, आणि तो मांडला पाहिजे.

खिडकी तीन फूट बाय चार फुटांची काढली आणि तिच्यातून शिवरस्त्याचे वळण दिसेल अशी तिची जागा ठरवली. पाच गायींच्या शेणावर दोन घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र बसवले. त्याला रोज साधारण पन्नास किलो शेण लागते, ते गोठ्यातूनच मिळते. भाकरीसाठी चूल ठेवायचीच होती. ती पडवीच्या उत्तर टोकाला नेली. त्यामुळे धूर घरातून गेला आणि संध्याकाळी भाकरी थापताना सगळे घर तिच्याभोवती जमू लागले. बाजूच्या वस्तीवरच्या दोन बायका आता दुपारी ओट्यावर निवडटिपण घेऊन येतात. घरातल्या बाईच्या बाजूने पाहिले तर सगळ्या कामाचे हे सर्वांत मोठे फळ आहे.

रात्र

अंधार पडल्यावर या पट्ट्यात घराचा अर्थ बदलतो. ऊस ही बिबट्याची लपण्याची आणि पिल्ले घालण्याची जागा झाली आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दाट मानवी वस्तीच्या या शेतीपट्ट्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले होते. त्याच भागातल्या आहाराच्या अभ्यासात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. म्हणजे दाराशी बांधलेले कुत्रे राखण करते असे आपण समजतो, पण तेच बिबट्याला दारापर्यंत आणू शकते.

या घराच्या दक्षिणेला भिंतीला लागून असलेला ऊस, घरापासून चाळीस फुटांवरचे शौचालय आणि तिथवरचा अंधार, यांमुळे मुलगी संध्याकाळनंतर पाणीच कमी पीत असे. हे तिने आईला सांगितले होते आणि आईने ते मला संकोचत सांगितले. हे कळल्यावर शौचालयाचे काम इतर सगळ्या कामांच्या पुढे घेतले. नवे शौचालय आणि न्हाणी पडवीच्या दक्षिण टोकाला बांधली, आणि ओट्यावरूनच तिथे जाता येईल अशी वाट ठेवली. दक्षिणेचा ऊस वीस फूट मागे घेतला. शंभर फूट लांबीत ही जागा जेमतेम दोन गुंठे भरते, पण कर्त्याला ती सोडणे जड गेले. आता तिथे मेथी, कोथिंबीर, कांदा, भुईमूग अशी बुटकी पिके घेतात आणि रस्त्यावरून येणाराही त्याच कडेने पूर्वेच्या अंगणात येतो. गोठ्याला छपरापर्यंत जाळी मारली, कुत्र्याला रात्री गोठ्याच्या आत जागा केली आणि अंगणाच्या दोन कोपऱ्यांत सौर दिवे लावले.

उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपायची जुनी सवय मात्र इथे सोडावी लागली. वन विभागाचा सल्ला स्पष्ट आहे : उघड्यावर झोपू नये. पडवीला दोन्ही बाजूंनी जाळी आणि पुढे जाळीचे दार केल्यावर आजी पुन्हा हवेशीर झोपू लागल्या, पण चांदण्याखालची झोप परत मिळाली नाही, याची खंत त्या बोलून दाखवतात.

रात्रीच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक घरातल्या कोणत्याही कामाने पडला नाही. पूर्वी शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने रात्री येत असे आणि त्या रात्री घरातला पुरुष बॅटरी घेऊन उसात असे. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. या वस्तीच्या वाहिनीवर दिवसा वीज येऊ लागली, तेव्हापासून तो रात्री घरात जेवतो आणि घरात झोपतो. मुलांना ज्या गोष्टींमुळे घर घर वाटले, त्यांत या बदलाचा वाटा ओट्याइतकाच आहे.

घराच्या आत

आतल्या कामांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गोठ्याचा घराला चिकटलेला खण गायींकडून सोडवून घेतला, गव्हाणी पलीकडच्या टोकाला नेल्या आणि त्या खणात मोटारसायकल, ठिबकचे साहित्य आणि गोण्या गेल्या. फवारणीच्या औषधांना उंचावर कुलुपाची लोखंडी पेटी केली. गोठा आणि घर यांच्यात त्यामुळे आपोआप अंतर पडले, माशा कमी झाल्या आणि तिसरी खोली मोकळी झाली. तिथे मुलीचे टेबल आले. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी पहिल्यांदा घरी आल्या त्या दिवशी तिने त्यांना आधी ती खोली दाखवली.

देवांचा प्रश्न नाजूक होता. वाटणीनंतरही टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर घडवलेले कुळाचे देव, थोरल्याकडे होते आणि धाकट्याच्या घरात देव्हारा नव्हता. आजींनी मध्ये पडून थोरल्याच्या संमतीने नवे टाक करवून घेतले आणि राहून गेलेली वास्तुशांत केली. त्या निमित्ताने वाटणीपासून न आलेली भावकी वस्तीवर जेवायला आली, नव्या अंगणात पंगत बसली. तुळशीवृंदावन दाराच्या समोर, पण वाळवणाला अडचण होणार नाही इतके बाजूला बांधले आहे.

जे राहिले

आजी अजूनही एकादशीला आणि बाजारच्या दिवशी गावात जातात. त्यांच्या मैत्रिणी तिथे आहेत आणि त्यांना तिथून तोडण्याचे काही कारण नाही. शेवग्याची एक मोठी फांदी वादळात मोडली, पण अंतर राखलेले असल्यामुळे पत्र्याला धक्का लागला नाही. बंगल्याचा विषय घरात निघतो, मात्र तो आता पूर्वेच्या अंगणाला धरूनच निघतो.

खरी अडचण शिवरस्त्याची आहे. पावसाळ्यात शेवटचा अर्धा किलोमीटर चिखलात जातो, दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावे लागतात आणि रात्री आजींना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी दारापर्यंत येत नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये सुरू झाली, परंतु त्यासाठी रस्ता मोजून मोकळा व्हावा लागतो, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या खातेदारांनी बांध मागे घ्यायला तयार असावे लागते. सहा खातेदारांपैकी चौघे तयार आहेत. उरलेल्या दोघांशी बोलणी सुरू आहेत आणि त्यांच्या बैठका आता या घराच्या ओट्यावर होतात.